चित्रपटाचा पहिला विद्यार्थी : दादासाहेब फाळके

द्वितीय वर्ष, कला

सिनेमा आणि अभ्यास यांचे आपल्याकडे फार जुने वैर आहे. परीक्षा जवळ आली की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम सिनेमावर बंदी घालतात. शाळेतला एखादा मुलगा चित्रपटांविषयी फार बोलू लागला, तर तो वाया चालल्याची ती खूण समजली जाते. कवितेचे रसग्रहण आपल्याला शाळेपासून शिकवतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना गावोगावची मुले बसतात. विज्ञानाच्या प्रयोगवहीवर गुरुजींची सही लागते. पण जे माध्यम आपण सर्वांत अधिक पाहतो, ते कसे पाहावे आणि ते कसे घडते, याचा धडा मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला दहावीपर्यंत कधीच आलेला नसतो.

म्हणूनच दादासाहेब फाळके यांचे चरित्र पुन्हा एकदा, जरा वेगळ्या दृष्टीने वाचावेसे वाटले. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे, १९७१ मध्ये त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. या मोठेपणाच्या हारांखाली एक माणूस मात्र झाकला गेला आहे. तो म्हणजे चाळिशी उलटल्यावर शाळकरी मुलासारखा एका नव्या विद्येच्या मागे लागलेला विद्यार्थी. त्या विद्यार्थ्याची ही हकिगत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे त्यांना मुंबईच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्याच्या घरातील मुलाने पोथ्या उघडाव्यात अशी रीत होती. या मुलाचा ओढा मात्र चित्रे, नाटके आणि जादूचे खेळ यांकडे होता. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. नंतर थोरल्या भावाबरोबर तो बडोद्यास गेला आणि तेथील कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकाम व वास्तुकला यांचे शिक्षण घेतले. याच काळात त्याने एक कॅमेरा मिळविला आणि छायाचित्रे काढणे, धुणे, छापणे हे सारे आपल्या हाताने करून पाहिले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या धडपड्या तरुणाला छायाचित्रणाचा स्टुडिओ वापरू दिला. शिक्षकाने एक दार उघडे ठेवले तर विद्यार्थी किती दूर जातो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यानंतरची वीस वर्षे वरवर पाहता नुसत्या भटकंतीची वाटतात. गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा केला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व मूल गेले आणि तो संसार संपला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून आपल्या आडनावाची अक्षरे उलटी केली आणि प्रोफेसर केल्फा या नावाने खेळ केले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली, ती १९०६ च्या सुमारास सोडली. मग लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला आणला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचेही काम त्यांनी केले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. एवढे करून भागीदारांशी पटेना, तेव्हा चालता धंदा सोडून ते घरी बसले.

नातेवाईकांना हा माणूस कोठेच टिकत नाही असे वाटले असल्यास नवल नाही. पण या वीस वर्षांत त्यांनी काय मिळविले ते पाहा. चित्रकलेने त्यांना चौकटीत वस्तू कशी मांडावी हे शिकविले. छायाचित्रणाने प्रकाश आणि रसायने यांचा हिशेब दिला. छपाईने यंत्राची शिस्त लावली. नाटकाच्या पडद्यांनी देखावा उभा करण्याची हातोटी दिली आणि जादूने प्रेक्षकाच्या डोळ्याला कोठे व कसे चकवावे हे दाखविले. चित्रपटाला या सगळ्याच विद्या लागतात. आपण शाळेत हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकतो आणि घंटा झाली की एक वही मिटून दुसरी उघडतो. फाळक्यांच्या बाबतीत हे सारे तास एका दिवशी एकत्र आले.

तो दिवस १९१०-११ च्या सुमारासचा. मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तंबूत बसलेले बाकीचे प्रेक्षक खेळ संपल्यावर घरी गेले. फाळके घरी गेले ते एक प्रश्न घेऊन. पडद्यावर ख्रिस्त दिसतो, तर आपले राम आणि कृष्ण का दिसू नयेत? पुढच्या खेळाला त्यांनी पत्नीला बरोबर नेले. मग सुरू झाला खरा अभ्यास. मिळेल तो चित्रपट ते रोज पाहू लागले. एक लहानसे खेळण्यातले यंत्र आणि फिल्मचे तुकडे विकत आणून मेणबत्ती व भिंग यांच्या साहाय्याने घरच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. हलणाऱ्या चित्रात मुळात काहीच हलत नाही. एकापुढे एक ठेवलेली स्थिर चित्रे भरभर पुढे सरकतात आणि हालचालीचा भास आपला डोळा निर्माण करतो, हे त्यांनी भिंतीपाशी बसून पडताळून पाहिले. आज ज्याला आपण चित्रपटाचे रसग्रहण किंवा विश्लेषण म्हणतो, त्याचा आपल्याकडचा पहिला तास असा मुंबईतल्या एका घरात, मेणबत्तीच्या उजेडात भरला.

या अभ्यासाची किंमतही त्यांना द्यावी लागली. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले. पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला. तेथे ओळख कोणाचीच नव्हती. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली, तेव्हा सरळ संपादकांची गाठ घेतली. संपादकांनी आधी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. पण त्यांची तळमळ पाहून त्यांनीच वॉल्टन येथील हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. तेथे स्टुडिओ पाहून, कामाची पद्धत समजून घेऊन, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी ठरवून फाळके एप्रिलमध्ये परतले. सारे शिक्षण अवघ्या दोन महिन्यांचे! पण त्यामागे वीस वर्षांची पूर्वतयारी होती.

आता भांडवल हवे होते. चित्रपट म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाला त्यात पैसा घालायला कसे सांगायचे? फाळक्यांनी यासाठी केलेला उपाय मला त्यांच्या साऱ्या चरित्रात सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने थोडे थोडे चित्रण करीत राहिले. असे महिनाभराहून अधिक काळ चालले. मूक चित्रपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली तर एका मिनिटाच्या खेळाला सुमारे ९६० चित्रे लागतात. तितक्या चिकाटीने त्यांनी ती जमविली. मग पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला, वेल आधाराला बिलगला, आणि महिन्याचे काम डोळ्यांदेखत मिनिटभरात उरकले. ते पाहून पैसे देणारे थक्क झाले आणि भांडवलाची सोय झाली. राजा हरिश्चंद्राच्या आधी आपल्याकडचा नायक एक वाटाणा होता, हे आपण विसरतो. विज्ञानाच्या तासाला आपण बी रुजवून त्याची आकृती काढतो. फाळक्यांनी त्या आकृतीला काळाची जोड दिली.

येथवर वाचल्यावर माझ्यासारख्या मुलीच्या मनात एक शंका येतेच. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. फाळक्यांचे वडील पंडित होते, भाऊ मदत करणारा होता, कलाशाळेची दारे त्यांना उघडी होती आणि विलायतेला जाण्याची हिंमत करता येईल एवढी पत होती. मग ही विद्या अशाच घरांतील मुलांसाठी आहे काय? या शंकेचे उत्तर मला फाळक्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या माणसांत सापडले.

त्यांतील पहिले नाव सरस्वतीबाई फाळके यांचे. विलायतेहून येणारी कच्ची फिल्म कडांना छिद्रे नसलेली असे. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना ४-४ छिद्रे, म्हणजे फुटाला १२८. राजा हरिश्चंद्राची लांबी ३,७०० फूट होती. त्याच्या एका प्रतीचा हिशेब केला तरी आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो. हे काम अंधाऱ्या खोलीत, उजेडाचा कण न येऊ देता, हाताने यंत्र चालवून सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने त्या तयार करीत. भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडीत. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, मुलांचे करणे त्यांच्याकडे, आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांचेच. कोणत्याही कलाशाळेत पाऊल न टाकलेल्या या बाईने यंत्र, रसायन आणि प्रकाश या तिन्ही गोष्टी घरातच आत्मसात केल्या. फाळक्यांना जनक म्हणताना या जननीचे नाव आपण किती वेळा घेतो?

दुसरे नाव अण्णा साळुंके यांचे. राजा हरिश्चंद्रातील तारामतीसाठी स्त्री मिळेना. त्या काळी चित्रपटात काम करणे इतके कमीपणाचे मानले जाई की समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियाही तयार होईनात. नटमंडळींनी घरी सिनेमाचे नाव न काढता हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी लागली असे सांगावे, असा सल्ला फाळक्यांना द्यावा लागला होता. अखेर ग्रँट रोडजवळच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले साळुंके त्यांच्या नजरेस पडले. महिना १० रुपयांच्या जागी १५ रुपये मिळणार म्हणून ते आले आणि भारताच्या पडद्यावरची पहिली तारामती झाले. पुढे १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनी केल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. याच स्वयंपाक्याने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि छायाचित्रणही केले. आचाऱ्याच्या कढईपासून कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंतचा हा प्रवास एका शिक्षकाच्या सहवासात झाला. तेव्हा ही विद्या कोणाची, हा प्रश्नच उरत नाही. ज्याला शिकविले जाते, त्याची ती होते.

या चित्रपटाशी आपल्या भागाचाही एक धागा जोडलेला सांगतात. आपल्यापैकी कित्येक जण रोज कल्याणला गाडी बदलतात. कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर बदलापूरच्या पुढे वांगणी लागते. राजा हरिश्चंद्राच्या बाह्यचित्रणासाठी फाळक्यांची मंडळी वांगणीस उतरली, तेव्हा फाळके मागून यावयाचे होते. तलवारी, भाले घेतलेली ही टोळी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले. वर्दी फौजदारापर्यंत गेली आणि राजा हरिश्चंद्राची सारी प्रजा अटकेत पडली. शस्त्रे लाकडाची आहेत असे सांगूनही कोणाचा विश्वास बसेना. मागून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा मांडून हा काय प्रकार आहे ते प्रात्यक्षिकासह समजावले, तेव्हा कोठे सुटका झाली. हा प्रसंग हसण्याजोगा आहे खरा, पण फाळक्यांनी तेथेही शिकवणीच घेतली. प्रेक्षक तयार नसेल तर आधी प्रेक्षकाला शिकवावे लागते, हे त्यांना कळले होते.

राजा हरिश्चंद्राचा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात झाला आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी सुरू झाला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास होता. मुंबईने चित्रपट उचलून धरला. सुरतेस मात्र तासन्‌तास चालणारी नाटके पाहणाऱ्या लोकांना एवढ्या लहान खेळाचे मोल पटेना. तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे तीन आण्यांत पाहावयास मिळतील, अशी जाहिरात केली. वर दिलेल्या हिशेबाने ३,७०० फुटांत सुमारे ५९,००० चित्रे होतात, म्हणजे ती जाहिरात फारशी अतिशयोक्तीची नव्हती. चित्रपट म्हणजे चित्रांची माळ, हा पहिला धडा त्यांनी तिकिटाच्या भावासकट लोकांना दिला.

नंतर नाशिकला मुक्काम हलला. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा पायंडा पडला. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हेच दाखविणारा लघुपट काढला. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे आणि त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. धंद्यातील माणूस आपली गुपिते झाकतो, यांनी ती पडद्यावर मांडली! त्याच सुमारास नवयुग मासिकातून त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमालाही लिहिली. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये तर त्यांनी मोठी मौज केली. कृष्णाची भूमिका करणारी त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आरंभी वेष न करता पडद्यावर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक निरनिराळे भाव दाखविते. त्यानंतर ती कृष्ण होते. अभिनय म्हणजे काय ते आधी पाहा आणि मग कथेत रमा, असे जणू प्रेक्षकाला सांगितले आहे. आपले खेळ कसे होतात हे उघड करून पुन्हा त्याच खेळात रमविणारा हा जादूगार खराखुरा मास्तर होता.

चरित्रकाराने केवळ आरती ओवाळू नये. फाळक्यांना व्यवहार जमला नाही. १ जानेवारी १९१८ रोजी स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीत भागीदारांशी त्यांचे खटके उडाले. ते सर्व सोडून काशीला गेले आणि तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. १९२२ मध्ये परतले, पण पहिली भरारी पुन्हा आली नाही. १९३१ मध्ये आलम आराने पडद्याला वाचा दिली आणि सारी विद्याच बदलली. ज्याने सगळे नवे हौसेने शिकून घेतले, त्याला हे शेवटचे नवे पेलले नाही. कोल्हापुरात काढलेला गंगावतरण हा १९३७ चा बोलपट त्यांचा अखेरचा ठरला. लहानमोठे शंभराहून अधिक चित्रपट देणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, हलाखीतच वारला. त्याच्या हट्टाची झळ सरस्वतीबाईंना आणि मुलांना किती लागली असेल, याचा विचारही आपण केला पाहिजे. शाळेबाहेर, एकट्याने, घरदार पणाला लावून शिकणे हे कौतुकाचे असले तरी ती शिक्षणाची व्यवस्था नव्हे.

ही गोष्ट स्वतः फाळक्यांना कळली होती. १९२७-२८ मध्ये सरकारने चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या रंगाचारियर समितीपुढे त्यांची साक्ष झाली. छायाचित्रण, अभिनय, कथालेखन हे सारे शिकविणाऱ्या शाळा देशात निघाल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. अशी संस्था पुण्यात प्रभातच्या स्टुडिओच्या जागेत निघायला १९६० साल उजाडले, तेव्हा फाळक्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. तेथून अनेक नामवंत निघाले. परंतु ती संस्था पदवीनंतरची. तेथपर्यंत पोचण्यासाठी ही विद्या अस्तित्वात आहे एवढे तरी आधी कळावे लागते, आणि ते कळण्याची जागा माध्यमिक शाळा हीच आहे. कल्याणच्या ज्या रंगमंदिरात आपली स्नेहसंमेलने व स्पर्धा होतात, त्याला नाव असलेले आचार्य अत्रे हे शाळेचे मुख्याध्यापक होते आणि श्यामची आई या राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या चित्रपटाचे निर्माते-दिग्दर्शकही होते. फळा आणि पडदा यांत त्यांना वैर दिसले नाही.

काही जण म्हणतील, शाळेत आधीच विषयांचे ओझे थोडे आहे काय? आणि सिनेमा शिकवायला पैसा कोठून आणायचा? पैशाचा प्रश्न आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. फाळक्यांना कॅमेऱ्यासाठी विमा गहाण ठेवावा लागला. आज डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या खिशात कॅमेरा आहे. कमतरता आहे ती पाहण्याच्या शिक्षणाची. दिवसभर हलती चित्रे अंगावर येऊन आदळतात. त्यांतील खरे कोणते, रचलेले कोणते, कॅमेरा कोठे ठेवला आणि काय चौकटीबाहेर टाकले, हे विचारण्याची सवय नसलेला मुलगा त्या फौजदारासारखाच फसतो. फौजदाराला खोटी तलवार खरी वाटली. आपल्याला रोज अशा किती तलवारी खऱ्या वाटतात!

आरंभ फार लहान असू शकतो. एखाद्या नववीच्या वर्गात खिडकीपाशी वाटाण्याची कुंडी ठेवावी, समोर एक मोबाइल पक्का बांधावा आणि मुलांनी पाळीपाळीने ठरल्या वेळी एकेक चित्र घ्यावे. महिन्याअखेरीस ती चित्रे जोडून सर्वांनी मिळून पाहावीत. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या चांगल्या चित्रपटाची पाच मिनिटे तीनदा पाहावीत, त्यांतील एकदा आवाज बंद करून, आणि प्रत्येकाने काय दिसले ते वहीत लिहावे. यासाठी नवीन इमारत लागत नाही की विलायतेचा प्रवास लागत नाही. लागतात ते प्राध्यापक गज्जरांसारखे दार उघडे ठेवणारे शिक्षक. त्या वर्गात एखादी सरस्वती असेल, एखादा साळुंके असेल. त्यांना हुडकून काढणे हे दादासाहेबांच्या पुतळ्याला हार घालण्यापेक्षा अधिक मोलाचे स्मारक होईल.